हेर

टल्सा, ओक्लाहोमा. पाच जुलै, सकाळचे सव्वासहा.
काल रात्रभर शहरानं आकाश फोडलं,
आज जाळीच्या दारांमागं एकशे बारा कुत्री.
कुणाचे पंजे सोललेले, कुणाच्या गळ्यात तुटका पट्टा,
एकीच्या दातांत अजून कुंपणाची ढलपी.

ओडेल म्हणतो, डॉक्टर, नावं द्या.
त्याच्याकडची संपलीत. मागच्या आठवड्यात भाज्या झाल्या,
त्याआधी त्याच्या सगळ्या मावश्या.
नंबर असतोच प्रत्येकाला. पण नंबराला कुणी घरी नेत नाही,
हे त्याचं अठरा वर्षांचं गणित.

मग मी माझे तालुके काढले.
औसा. चाकूर. रेणापूर. जळकोट.
पांढऱ्या मिशांच्या म्हातारीला देवणी.
आमच्याकडं त्या नावाची गाय असते, मी सांगितलं.
चालते तशीच, ओडेल म्हणाला,
आणि पाटीवर खडूनं लिहिलं, जसं ऐकू आलं तसं:
डिव्हानी.

जळकोटला एका ट्रकवाल्यानं नेलं.
चाकूरचा मालक आला, लहान मुलीला घेऊन.
तिनं त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली
आणि चाकूर तिथल्या तिथं पुसला गेला.
बरं झालं.
देवणीचं मी इथं लिहीत नाही.

औसा शुक्रवारी यादीत होता.
यादी मी करते. कर असं कुणी म्हणत नाही,
फक्त पिंजरे मोजून दाखवतात.
पुढचा डावा पाय, भादरलेली बोटभर जागा,
अंगठ्याखाली फुगलेली शीर, गुलाबी औषध.
तेव्हा मी मराठीतच बोलते.
झालं हं, झालं, शहाणा माझा तो.
इंग्रजीत ते मला खोटं वाटतं.
मराठीतही असेल, पण आवाज खाली येतो.
मग स्टेथोस्कोप. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून.

रविवारी भावाचा फोन.
म्हणाला, काल औशाला गेलो होतो, साखरपुड्याला.
मी म्हटलं, कुठं?
त्यानं परत सांगितलं.
मी उगाच गॅस बारीक केला.

उदगीरच्या कॉलेजात शिकले ते
अडलेलं रेडकू कसं फिरवायचं,
खांद्यापर्यंत हात घालून, डोळे मिटून.
तिथं मोजायचो ते दूध.
इथं मोजते ते दिवस: बेवारशाला तीन.

त्यानंतर गावं द्यायची बंद केली.
ओडेलला सांगितलं, संपली.
एक होतं.

ऑगस्टात ती आली. खरूज.
अंगावर केस नाही, कातडी हत्तीची,
वास आंबून गेलेल्या पिठाचा. वजन नऊ किलो, हवं सोळा.
इलाज आहे. गोळ्या, आठवड्याला औषधाची अंघोळ, दोन महिने.
दोन महिने म्हणजे एक पिंजरा गुणिले साठ.
ओडेल खडू धरून उभा.
माझ्या तोंडून निघून गेलं, हेर.
आमचं गाव. उदगीरहून जीपनं जाता येतं.

हेअर?
त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
आणि असा हसला की खडू मोडला.
केस! आणि हिच्या अंगावर!
मीही हसले. पंधरा वर्षांत इथं कुणाला
माझ्या गावाचं नाव पहिल्या झटक्यात जमलं नव्हतं.

त्या शुक्रवारी यादीत तिची ओळ मोकळी राहिली.
मोकळी म्हणजे दुसऱ्याच्या नावानं भरली. खोटं कशाला बोलू.

आज एकविसावा दिवस.
अंघोळीला अजून थरथरते, पण नळाखाली स्वतःहून येते.
उजव्या कानामागं, दिव्याखाली वाकून बघितलं तर,
तुरीच्या डाळीएवढ्या जागेत
लव.

ओडेलला हाक मारली. तो चष्मा विसरून आला होता.
म्हणाला, काही दिसत नाही.
मी त्याचं बोट धरून तिथं ठेवलं.