जमेत धर

बार्ब्रो स्टेनवाल मेली सकाळी साडेनऊला,
गोठलेल्या नदीच्या काठी, उणे अठरा अंशांत,
तिसऱ्या टेकला नीट मेली.
अकराला उठली, गालावरचं खोटं रक्त तसंच,
आणि व्हॅनमध्ये माझ्यासमोर बसून चेकवर सह्या करू लागली.
कोणाचे राहिलेत?
दिवेवाल्यांचे, म्हटलं. घोड्याचे.
ज्याच्या कोठारात आपण झोपलो त्या म्हाताऱ्याचे.
घोड्याचे आधी दे, म्हणाली,
माणसं थांबतात.

मी तिची हिशेबनीस. एकतीस वर्षं.
लोक विचारतात, नटी म्हणून कशी होती?
मी सांगते, पावत्या जपायची नाही.
वेलदोड्याच्या पावाच्या पिशवीत कोंबायची, हातमोज्यात,
एकदा कॅमेऱ्याच्या पेटीत, लेन्सला गुंडाळून.
तिच्या भूमिका मला पावत्यांवरून आठवतात:
चष्म्याची काडी, दुरुस्ती. (मास्तरीण.)
हेरिंग, नऊ किलो, पैकी सहा कुजले.
पियानो, भाड्याचा. वाजवलाच नाही,
नुसती झाकणावर हात ठेवून उभी राहिली
आणि थिएटरात कोणी खोकलं नाही.

हेर्नोसांदच्या फेरीवरल्या मेकॅनिकची पोर.
स्टॉकहोममध्ये तिला सांगितलं, नाक लांब आहे.
चौतिसाव्या वर्षी सांगितलं, वय लांबलंय.
दारं उघडेनात तेव्हा तिनं सुतारच कामाला ठेवला:
बापाचं समुद्राकाठचं लाल घर गहाण टाकलं,
कंपनी काढली, आणि पहिल्या दिवशी
सगळ्यांसाठी कॉफी स्वतः उकळली. भयंकर कॉफी.

मग तो फेरीचा चित्रपट.
त्यात तिचा एक प्रसंग होता, चार मिनिटांचा.
बटाटे सोलतेय. फोन वाजतो.
ऐकते. "हो," म्हणते. परत सोलू लागते.
एवढंच. संकलक येरकेर, सहसा न बोलणारा,
उठून बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला.
तिनं तो प्रसंग कापला.
दिग्दर्शक ओरडला, येरकेर रडकुंडीला आला.
ती म्हणाली, चित्रपट लिनेआचा आहे.
पोरीचं पहिलं काम. ह्यानंतर तिच्याकडे कोण बघेल?
मी वही उघडून बसले होते.
विचारलं, दोन दिवसांचं शूटिंग, हे कुठे लिहू? तोट्यात?
"जमेत धर."
धरलं. तपासनिसानं लाल पेन्सिलीनं गोल केला.
तो गोल अजून आहे.

डबा माझ्या तळघरात, स्कीच्या मागे.
झाकण उघडलं की व्हिनेगरचा वास येतो,
फिल्म अशीच कुजते म्हणतात.
मी उघडत नाही फारसं.

काल सुंद्सवालच्या वृद्धाश्रमातून तिचा फोन आला.
मी खरोखरच बटाटे सोलत होते, शपथ.
नाव माझं विसरली होती. आवाज तोच, मालकिणीचा.
घोड्याचे दिलेस का?

चाळीस वर्षं झाली त्या घोड्याला.

हो, म्हटलं.