अस्पष्ट

वाशी, सेक्टर सतरा, झेरॉक्सच्या दुकानाचा पोटमाळा.
तिथे बसून मी साहेबांची भाषणं टाइप करतो.
मिनिटाला अकरा रुपये, शुद्धलेखन धरून.

कानाला हेडफोन असला की माणूस वेगळाच ऐकू येतो.
मैदानाला आवाज मिळतो,
मला आवंढा मिळतो, पाण्याचा घोट,
कागद उलटताना बोटाला लावलेली थुंकी,
आणि माइक सुरू आहे हे न कळून विचारलेलं,
"गाव कुठलं म्हणालास?"
मग लगेच, छाती भरून,
"माझ्या खारवलीच्या मायबापहो!"

पहिलं वाक्य मी टाइप करत नाही.
दुसऱ्याला उद्गारचिन्ह देतो.

चौदा वर्षांत एवढं कळलं
की 'आपण' हा शब्द मंडपाएवढा असतो,
खुर्च्या कमी पडल्या तरी सगळे मावतात त्यात.
आपण जमिनी दिल्या. आपण सोसलं. आपण लढलो.
तेविसाव्या मिनिटाला कुणीतरी कनात ओढून घेतो
आणि आत उरतं ते 'आम्ही'.
आम्ही ठरवलं आहे. आम्ही बघून घेऊ.
लोक तेव्हाही टाळ्या वाजवतात,
बाहेर उभे राहून.

शाळेत खारकर बाई कर्मणी प्रयोग शिकवायच्या:
रावण रामाकडून मारला गेला.
त्यात रामाचं नाव तरी होतं.
इथे
तलावात भराव टाकण्यात आला.
भावना दुखावल्या गेल्या असतील.
चौकशी करण्यात येईल.
एवढ्या क्रियापदांत एक हात दिसत नाही.
डंपर आपोआप आले, आपोआप रिकामे झाले,
तलावालाच वाटलं असावं, आता सपाट व्हावं.

एकतिसावं मिनिट. टाळ्या ओसरताना
मागून कुठूनतरी एक बाई:
"आमचा तलाव बुजवला कोनी? नाव घे त्याचा."

उंबऱ्यावर नव्या नवरीला अडवून म्हणतात ना,
नाव घे,
तसंच. दार न सोडता.
कुणीतरी दबक्या आवाजात, "बारकूबाय, बस गो."
बसली नसावी.
खुर्ची वाजली नाही.

साहेब हसले.
हेडफोनमध्ये हसू म्हणजे नाकातून सुटलेली हवा.
"माझी माय बोलतेय. तिचा हक्कच आहे माझ्यावर."
कडाडून टाळ्या.
हा दुसरा भराव. याला डंपरही लागला नाही.

ऑफिसचा नियम असा की
गर्दीतलं कुणी बोललं तर
कंसात 'अस्पष्ट' लिहायचं.

नऊ वेळा मागे नेलं.
नऊ वेळा तिने तेच विचारलं,
तेवढ्याच दमाने.
अख्ख्या भाषणात एवढंच वाक्य
जे कर्ता मागत होतं.

खाली झेरॉक्सवाला शटर ओढत होता,
"झालं का रे?" म्हणाला.

मी टाइप केलं (अस्पष्ट).
नाही, मी नाही.
टाइप करण्यात आलं.
फाइल पाठवण्यात आली.

बावन्न मिनिटांचे पाचशे बहात्तर.
चार सेकंद तिचे होते त्यात,
त्यांचेही पैसे मिळाले.