साकु

कणकुंबीहून लग्न होऊन वडगावात आले तेव्हा
पाण्याविषयी मला काहीच माहीत नव्हतं.
आमच्याकडं ते भिंतीतून पाझरायचं,
ट्रंकेतल्या साड्यांना बुरशी आणायचं,
चार महिने त्याच्याशी नुसतं भांडण.

इथं ते पाचव्या दिवशी यायचं.
कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी,
आणि गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडायचं,
नीर बंदाव!
कानडीतलं मी शिकलेलं पहिलं वाक्य.
अर्थ कळायच्या आधी पाय कळशीकडं पळायचे.

दुसरा शब्द तंगेव्वानं शिकवला.
मी आपली माहेरच्या हातानं
कढई घासताना टाकीचा नळ सोडून ठेवलेला,
पाणी मोरीतून गटारात, मन आणखी कुठंतरी.
परसातल्या ठेंगण्या भिंतीवरून
तिचा हात आला, चावी पिळून गेला.
साकु, म्हणाली.
पुरे.
मला राग आला. नळ माझा, टाकी माझी,
ही कोण?

मग तोच नळ रात्रीचा ठिबकू लागला.
शेजारचे माग थांबले की
तेवढंच ऐकू यायचं. टप्प.
नागोजी म्हणाले, रविवारी बघतो.
तीन रविवार गेले.
तंगेव्वा आली मागावरचा धागा घेऊन,
जांभळा, कुठल्याशा काठातला उरलेला.
तोटीला गाठ मारली, टोक कळशीत सोडलं.
थेंब धाग्यावरून उतरायला लागले
मुंग्यांसारखे, एकामागं एक, मुकाट.

सकाळी कळशी काठोकाठ.
मी नुसती बघत राहिले.
एवढं पाणी मी तीन आठवडे ऐकत पडले होते.

त्यानंतर हात हळूहळू बदलले.
तांदळाचं धुवण कढीपत्त्याला,
मशीनची नळी बादलीत, बादली संडासात.
पावण्यांना अर्धाच पेला, आणि
‘लागलं तर आणखी देते’ म्हणायचं
(हे जिभेवर यायला वर्ष लागलं).
नागोजींच्या दाढीपुढं मी मग ठेवला.
एक दिवस कुरकुरले,
दुसऱ्या दिवशी स्वतःच शोधत होते.

नळ आला की आधीचं पाणी शिळं म्हणून
अख्खी गल्ली हंडे पालथे करायची.
तंगेव्वा उंबऱ्यावर बसून विचारायची,
तिच्या त्या आडव्या मराठीत,
‘चार दिसात हंड्यात पाणी शिळं होतंय,
मग वरीसभर धरणात बसलेलं ताजं कसं गे?’
कुणी उत्तर दिलं नाही.
हंडे मात्र कमी पालथे व्हायला लागले.

आता रस्ता खणून निळे पाइप घातलेत.
चोवीस तास पाणी, दाराशी मीटर.
कुणी ओरडत नाही.
तंगेव्वाचे माग भंगारात गेले,
ती गोकाकला, लेकाकडं.

मार्चमध्ये कणकुंबीला गेले होते.
वहिनीनं आडात कळशी सोडली
आणि तळाच्या दगडाचा आवाज आला.
दोघीही काही बोललो नाही.
तिनं दोर थोडा हलवला, कळशी कलती केली,
जेवढं आलं तेवढं वर घेतलं.

काल मैथिली दात घासत होती,
नळ धो धो, डोळे आरशात.
माझा हात आपोआप गेला.
‘मम्मी, चोवीस तास येतंय की गे!’
साकु, म्हणाले मी.
तिनं कपाळावर आठी घातली,
अगदी माझी तेव्हाची.

नवा नळ ठिबकत नाही.
जुनी तोटी परसात तशीच आहे,
तिच्यावर तो धागा,
क्षारानं ताठलेला, रंग केव्हाच उडालेला.
मोरी घासताना
मी त्याला सोडून, भोवतीनं घासते.