थंड पाण्यात

हॉटेलच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी
आमचा ट्रक उभा असतो.
आत दोन मशिनं, एक ड्रायर आणि मी.
आठ जाळीदार पिशव्या, प्रत्येकीवर एक आकडा.
शर्यत मी कधी पाहत नाही.
संध्याकाळी तीच माझ्याकडे येते,
ओली, बोळा होऊन.

एकवीस वर्षं झाली. कपडे बोलतात.
आन्सगारची जर्सी बघा. तो आमचा म्होरक्या,
बाकीचे सात त्याच्यासाठीच.
छातीवर एक किडा चिकटलेला नसतो.
वारा त्याच्यापर्यंत पोचतो तो
सात जणांच्या अंगांतून गाळून.

गुलवेनची पिशवी जड.
माझ्याच किनाऱ्याकडचा तो, ब्रिटनीचा,
बापाची कालवांची शेती, बोलणं जेमतेम.
मागे गाडीपर्यंत यायचं,
नऊ बाटल्या घ्यायच्या,
खिशांत, पोटाशी, मानेमागून पाठीत कोंबून,
आणि उंट होऊन पुन्हा घाट चढायचा.
पाणक्या म्हणतात त्याला. तोही म्हणतो.
जर्सी नवी दिली तरी
तिसऱ्या दिवशी गळा मागून सैल,
पाठीवर मिठाचा नकाशा,
बाटली टेकली तिथे एकेक बेट.

चौदाव्या दिवशी, सँ-जिराँमध्ये,
त्याच्या डाव्या बाहीवर रक्त होतं.
मी बाही उलटी केली. अस्तराला जेमतेम डाग,
शिवण कुठे फाटलेली नाही.
म्हणजे त्याचं नव्हतं.

बाहेर डायरेक्टर गाडीच्या टपावर हात आपटत होता.
बाटल्या आणायला पाठवला होता याला
आणि हा उतारावर थांबला!
दुसऱ्या संघाचा पोरगा चरात पडलेला,
त्याची मान धरून बसला,
अँब्युलन्स येईपर्यंत.
शेवटच्या घाटात आन्सगारच्या जिभेला कोरड, पाय रिकामे.
सहा मिनिटं गेली.
सहा मिनिटांत शर्यत संपते,
पुढे आठवडाभर माणसं नुसती पॅडल मारतात.
"पगार कोण देतं रे तुला?"
प्रश्न चुकीचा नव्हता.
मलाही तोच देतो.

रात्री साडेदहाला आन्सगार आला, अनवाणी,
मोजे मागायला. मोजे त्याला कधीच पोचले होते.
बादलीकडे बघत राहिला.
"याला उकळतं पाणी लागत असेल ना?"
"छे. गरम पाण्यात रक्त बसतं, कायमचं.
थंड पाणी, चिमूटभर मीठ, आणि घाई नाही."
वाटलं, आता चोळेल.
त्याने नुसता हात बुडवून ठेवला.
मग म्हणाला, "जेवताना मी बोललो नाही त्याच्याशी."
मी म्हटलं, "तो तसाही कुठे बोलतो."

डाग पुरता गेला नाही.
कपाखाली उमटते तशी एक कड राहिली.

पहाटे त्यांच्या ट्रकमधली नेरेआ आली.
एरवी आमची भांडणं पार्किंगच्या नळावरून.
पोराचं खांद्याचं हाड मोडलंय, म्हणाली, मान वाचली.
पुढे काही नाही. ड्रायर उघडला
आणि आमच्या टॉवेलांच्या घड्या घालायला लागली,
आमच्या पद्धतीने नाही, त्यांच्या.
मी त्या मोडल्या नाहीत.

पंधराव्या दिवशी ऊन मी म्हणत होतं.
संध्याकाळी पिशव्या आल्या.
आन्सगारची उघडली.
छाती कोरी, नेहमीसारखी.
पण गळा मागून ताणलेला,
शिवण एका जागी उसवलेली,
पाठीवर मीठ, आणि मिठात
बाटलीच्या बुडाएवढी तीन बेटं.

कुणी काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
हरायला काही उरलं नव्हतं
म्हणूनही असेल.
मी सुई ओवली.
उसवलेलं तेवढं शिवलं,
ताणलेलं तसंच राहू दिलं.