गणतीत नसलेलं अक्षर

सोहारच्या विद्यापीठात, तळमजल्यावर,
निबंधकांच्या कचेरीतली तिसरी खिडकी माझी.
काचेला एक गोल भोक आहे,
त्यातून सकाळपासून एकच प्रश्न आत येतो:
"मॅडम, साडेएकोणसाठ म्हणजे साठच ना?"

साडेएकोणसाठ म्हणजे साठ.
एकोणसाठ पूर्णांक चार म्हणजे एकोणसाठ.
या दोहोंच्या मधे एक मुलगी उभी असते
अबायाच्या बाहीने काच पुसत,
आणि मी तिला नियमावलीचं पान सतरा दाखवते
जणू ते मीच लिहिलंय.

वीस गृहपाठाचे, तीस मधल्या परीक्षेचे,
पन्नास शेवटच्या तीन तासांचे.
इतकी सरळ वाटणी
आमच्या तीन काकांत सात माडांचीही झाली नव्हती.
पाव तास बुडाले तर परीक्षेला बसता येत नाही,
म्हणजे पंधरा मिनिटं नव्हे, एकूण तासांचा चौथा हिस्सा;
हे मी रोज चार भाषांत समजावते
आणि चारही भाषांत ते अन्यायासारखंच ऐकू येतं.

खलफान सहमचा. बापाची होडी.
वादळाच्या आठवड्यात त्याची सर्किट्सची परीक्षा हुकली
आणि नावापुढे 'आय' लागला.
माझ्या कानाला आय म्हणजे आई,
फार तर मिळकत.
इथे आय म्हणजे अपूर्ण.

अपूर्णाला मुदत असते:
पुढच्या सत्रातला सहावा गुरुवार.
त्या रात्री बाराला संगणक
कुणालाही न उठवता
आयचा एफ करतो.

खलफान रविवारी आला.
फॉर्म गुलाबी, तोच लागतो. सही सरांची, खरी.
हाताला डांबर.
सगळं बरोबर, तीन दिवसांनी.
मी वर्गीस सरांना विचारलं, सरांनी डीनना,
डीननी नियमाला.
नियम काही बोलला नाही.

मग त्याने विषय पुन्हा घेतला.
तेच सर, तेच टेबल, फी मात्र नवी.
बी प्लस मिळाला.
आता सरासरीत बी प्लस धरतात, एफ धरत नाहीत,
पण गुणपत्रिकेवर दोन्ही छापतात,
एफ कंसात,
घरातल्या न बोलणाऱ्या माणसासारखा.

"हे पुसता येईल?"
"मोजत नाहीत," मी म्हटलं, "पण दिसतं."
"कोणाला?"

माझ्या नव्या पासपोर्टाला टाचलेला एक जुना आहे.
त्यात बहारीनचा व्हिसा, त्यावर आडवा शिक्का: रद्द.
अकरा महिने.
मालकाने पगार दिला नाही,
शेवटी शेवटी मी मागितलाही नाही, दोन्ही खरं आहे.
नोकरीच्या अर्जात ते महिने मी धरत नाही.
विमानतळावर मात्र पानं उलटताना
अधिकाऱ्याचा अंगठा तिथेच थांबतो,
आणि मी उगाच पिशवीत काहीतरी शोधायला लागते.

हे मी खलफानला सांगितलं नाही.
खिडकी त्यासाठी नसते.
"ज्याला बघायचं असतं त्याला," इतकंच म्हटलं
आणि छापायला टाकलं.

त्याने दोन प्रती मागितल्या.
एक रियाल, वर पाचशे बैसा.
एक बंदरावरच्या कंपनीसाठी.
"आणि दुसरी?"
"वडिलांना."
तो नाणी मोजत राहिला, खाली बघून.
"ते विचारतात,
होडीपायी माझे किती गुण गेले."

मी शिक्का उचलला.
शाई वाळत आली होती, दोनदा दाबावा लागला;
दुसऱ्यांदा तो किंचित सरकला
आणि कंसाच्या अर्ध्या भागावर बसला.
नवी प्रत काढायला हवी होती, नियमाप्रमाणे.
मी ती तशीच भोकातून सरकवली
आणि म्हटलं, पुढचा.