ऐकायची सळई

दाराआड, छत्रीच्या शेजारी, अजून उभी आहे ती:
साडेचार फुटांची पोलादी सळई,
वरच्या टोकाला बाभळीची वाटी,
तुमच्या उजव्या कानानं घासून गुळगुळीत झालेली.

धरमपेठ झोपली की निघायचात,
सायकलच्या दांड्याला सळई, खिशात खडू.
डांबरावर टोक टेकवून, वाकून, डोळे मिटून
ऐकायचात खालचं पाणी.
एकदा पोलिसानं हटकलं,
काय करून राहिले बाप्पा इथं?
तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत आणि सळई त्याच्या कानाला लावलीत.
तो म्हणाला, कढईत कोणी भजे तळून रायलं जसं.
तिथंच फुली मारलीत.
सकाळी खणलं तर सहा इंची नळाला
करंगळीएवढं भोक.

आजोबांना शेवटपर्यंत वाटायचं,
इंजिनियर म्हणजे रेल्वेचं इंजिन चालवणारा.
मौद्याहून आले, तुम्ही स्टेशनवर घ्यायला गेलात,
तर म्हणाले, आज तुझी गाडी कोण चालवते?
तुम्ही त्यांची ट्रंक उचललीत, म्हणालात,
आहे एक माणूस.

कन्हानचं पाणी टेकडीवर चढवणं म्हणजे
म्हाताऱ्याला गच्चीवर नेणं, सांगायचात.
हात द्या, ओढू नका.
आम्ही पोरं हसायचो. दर उन्हाळ्यात तेच वाक्य.

एकोणचाळीस डायऱ्या निघाल्या लोखंडी कपाटातून.
सतरा मे: तापमान सेहेचाळीस. सेमिनरी हिल्सच्या टाकीत नऊ फूट.
मुलगी झाली, पहाटे चार दहा.
व्हॉल्व्ह उघडला, चार पंधरा.
आई ही नोंद आयुष्यभर नाकासमोर धरायची तुमच्या:
पाच मिनिटं, पाच मिनिटं थांबले नाही हे.
तुम्ही गप्प, पोळीचा तुकडा मोडत.
परवा मी नकाशा काढून बसले.
डागा हॉस्पिटल ते टेकडी, सायकलनं, चढ धरून,
पाच मिनिटांत? शक्यच नाही, बाबा.
व्हॉल्व्ह दुसऱ्या कुणी उघडला त्या दिवशी.
तुम्ही तिथंच होतात, वऱ्हांड्यात, घड्याळ बघत.
आईला एवढं सांगायला काय झालं होतं?

आई गेली त्या तारखेचं पान:
पुरवठा सुरळीत.
अक्षर मात्र रेघेच्या खाली उतरलेलं.

ऐंशीनंतर कानच गेले.
यंत्र शिट्टी मारते म्हणून डबीत पडून राहिलं.
मोरीतल्या पाइपावर तळवा ठेवून सांगायचात, आलं,
आणि खरंच, अर्ध्या मिनिटानं तोटी खोकायची.

ब्याण्णवाव्या वर्षी, दवाखान्यात,
डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, तेव्हा विचारलंत,
गळती कुठं आहे?
काही नाही आजोबा, एकदम ठीक.
त्या वळल्यावर माझ्याकडे पाहिलंत:
कच्ची आहे पोरगी. नीट ऐकलं नाही तिनं.

महापालिकेच्या खिडकीतला मुलगा म्हणाला,
बिलावरचं नाव बदलून घ्या मॅडम,
मृत्यूचा दाखला, दोन फोटो.
दाखला पिशवीतच होता. काढला नाही.
शालिकराम डोमाजी घाटोळे, अर्धा इंची जोडणी,
पाणी येतंय त्या नावावर, येऊ दे.

काल रात्री कूलर भरायला उठले.
दोन वाजले होते, झळ अजून भिंतीत.
सळई घेऊन फाटकाबाहेर गेले,
तुमच्यासारखी वाकले, कान लावला.
आधी माझंच रक्त, मग लांबवर एक ट्रक,
मग काही नाही.
एक तर आपल्या गल्लीत गळती नाही,
नाही तर मला ऐकता येत नाही.
खडू आणलाच नव्हता.
गुडघे दुखेपर्यंत वाकून राहिले,
समोरच्या वाघमाऱ्यांनी दिवा लावला,
तरी उठले नाही.