प्रजाती : इतर

पहिलं धनुष्य सुबाभळीचं. वारज्याला कॅनॉलच्या कडेला
वीजमंडळाने तारेखालची फांदी पाडली होती, फुकट.
अठ्ठावीस इंच ओढलं आणि असा आवाज झाला
की खालच्या मजल्यावरच्या धर्माधिकारीबाई
केरसुणी हातात घेऊनच वर आल्या.

दुसरं गुलमोहराचं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

तिसरं वेताळ टेकडीवरच्या गिरिपुष्पाचं :
वाकलं ते वाकलंच,
साहेबासमोरच्या हेडक्लार्कसारखं.
लाकडाने वाकावं, पण राग धरून.

मी खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर.
दोन थाऊ इकडचे तिकडे झाले तर बोटाला कळतं.
पण पोलादाला गाठी नसतात,
कुठल्या साली पाऊस कमी झाला
ते पोलाद सांगत नाही.

भवानी पेठेत विचारलं, धामण आहे का.
गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, साप?
आतून त्याचे वडील खोकत म्हणाले,
गाडीच्या दांड्यांना जायची. आता कोण नेतं.
सागवान घ्या. मलेशियाचं आहे.

मग लहू हिलम भेटला, पिरंगुटच्या पुढे,
रस्ता रुंद करायचा म्हणून
लाल आकडे घातलेल्या झाडांत.
यादीत चारशे सतरापुढे लिहिलेलं : प्रजाती, इतर.
लहूने कोयत्याच्या टोकाने साल नखभर उचलली,
वास घेतला, मग मला दिला.
"ही धामण. आज्याचा कमठा हिचाच व्हता.
दोरीबी हिचीच, सालीची.
वरीसभर घरात पडू द्या.
घाई केली तर तोंडावर फुटंल."

कंत्राटदाराने दोनशे रुपये घेतले. पावती नाही.
साडेपाच फूट, मनगटाहून जाड,
दोन्ही टोकांना फेविकॉल फासून
पलंगाखाली ठेवलं आहे.
दर रविवारी वजन करतो, वहीत मांडतो.
अजून पाणी सोडतंय, आठवड्याला तीस-चाळीस ग्रॅम.
मंदाकिनी म्हणते, अमोघच्या वेळी
इतकं कौतुक केलं नव्हतंत.
अमोघ फोनवर विचारतो, बाबा, पण मारणार कशावर?
गवताच्या पेंढीवर, म्हणतो. दुसरं काय सांगू.

गेल्या महिन्यात मुद्दाम त्या बाजूला गेलो.
रस्ता अजून तेवढाच अरुंद.
खडीच्या ढिगामागे बुंधा सापडला,
त्याच्या कडेला तीन कोंब,
दातेरी पानं, धुळीने पांढरी.
भोवती बोरीच्या फांद्या टोचलेल्या, शेळ्यांसाठी.
म्हणजे लहू येऊन गेला होता.

मनगटाएवढं व्हायला बारा वर्षं, कदाचित चौदा.
मी तेव्हा एक्याऐंशीचा.
एक फांदी कलली होती, ती नीट रोवली,
काटा अंगठ्यात गेला.
खिशात टेप होती. सवयीने मोजलं.
वहीत लिहिलं : चारशे सतरा, धामण,
मधला कोंब, सव्वाअकरा इंच.